प्रूफ वाचताना ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागलेत, चष्मा कुठला घेऊ?

लालपेन_गिरगाव
१२ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार. मी ४८ वर्षांची, ठाकूरद्वारला राहते. गेली २२ वर्षं घरी बसून मुद्रितशोधन करते. पुस्तकं, स्मरणिका, आणि जुलै उजाडला की दिवाळी अंक. निम्मं काम कागदावर लाल पेनाने, निम्मं पडद्यावर पीडीएफमध्ये. डोळे हेच माझं भांडवल आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, समजून घ्या.

चाळिशी लागली ती पंचेचाळिसाव्या वर्षी. प्रुफाचा कागद हळूहळू टेबलावरून मांडीवर आणि मांडीवरून गुडघ्यापर्यंत सरकला. तेव्हा चर्नी रोड स्टेशनबाहेरून १८० रुपयांचा दीड नंबरचा तयार चष्मा आणला आणि त्यावर दोन वर्षं काढली. दुपारपर्यंत ठीक असायचं. पाचनंतर कपाळ जड व्हायचं आणि अक्षरांना सावली पडल्यासारखी दिसायची. वाटायचं, कामच जास्त आहे.

मग फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. ८१ वर्षांच्या एका आजोबांनी आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं, घरगुतीच, ५०० प्रती. त्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘आईने आम्हा चौघा भावंडांचं भरणपोषण केलं.’ अक्षरजुळणी करणाऱ्याने हस्ताक्षरातला ‘भ’ हा ‘म’ वाचला. पहिल्या प्रुफात तो माझ्या नजरेतून सुटला, दुसऱ्यातही सुटला, आणि पुस्तकात ते तसंच छापून आलं. आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी दोन संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. पान ३७ वर, त्या एका शब्दावर, बरोबर शब्दाची बारीक पट्टी चिकटवायची, ५०० वेळा. शेजारी त्यांची सून खळ लावून देत होती. ते अजून मनातून जात नाही.

ज्यांनी प्रूफ वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ, या जोड्यांमधला सगळा फरक डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे. एकात शिरोरेघ सलग जाते. दुसऱ्यात ती तुटते आणि तिथे छोटी गाठ वळते. तळटिपेच्या ९ पॉइंटात हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा खेळ आहे. माझा चष्मा तेवढं अर्धं मिलिमीटर मला देत नव्हता.

म्हणून मे महिन्यात एका मोठ्या दुकानात डोळे तपासून प्रोग्रेसिव्ह केला, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेत, मध्ये रेघ नसलेला. १४,५०० रुपये, त्यात निळा प्रकाश अडवणारं कोटिंग वेगळं. फ्रेम मुलीने निवडली, उंचीला कमी, चेहऱ्याला शोभणारी. सात आठवडे झाले. ओळीच्या मध्यावर अक्षर लख्ख दिसतं, पण दोन्ही टोकांना वितळतं. पडदा वाचायला हनुवटी वर करावी लागते, मान रात्री दुखते. चर्नी रोडच्या पुलावरून उतरताना शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकला, तर अजून एक होती. कठडा हातात होता म्हणून नुसता घोटा मुरगळला. दुकानात सांगितलं तर ‘१५ दिवसांत सवय होईल’, आणि परत गेले तर ‘अजून थोडे दिवस द्या’.

कागदावर लिहिलेला नंबर असा: उजव्या डोळ्याला लांबचा काही नाही. डाव्याला सिलिंडर (आडवं-उभं सारखं स्पष्ट न दिसण्याचा नंबर) उणे पाऊण, ॲक्सिस, म्हणजे त्याची दिशा, ९०. दोन्हींना ॲड, म्हणजे वाचनासाठी वाढवायचा नंबर, अधिक पावणेदोन.

आता विचारायचं ते हे. हाच चष्मा नेटाने वापरत राहू, की बायफोकल घेऊ, की कागदाचा वेगळा आणि पडद्याचा वेगळा असे दोन करू? दुसरं, आई म्हणते चष्मा लावला की नंबर वाढतच जातो, होईल तितकं लांबव. आई ७६ वर्षांची आहे. तिचा वाचनाचा चष्मा गेल्या वर्षी सुटला, आता पोथी बिनचष्म्याने वाचते, त्यामुळे तिच्यापुढे मला बोलताच येत नाही. दिवाळी अंकांची पहिली प्रुफं २० तारखेपासून यायला लागतील. कृपा करून अनुभवाचं सांगा.

लालबागची_शिलाई
१३ जुलै, सकाळी ७.०५

ताई, पट्ट्या चिकटवल्याचं वाचून पोटात कालवलं. मी ब्लाऊज शिवते, ५३ वर्षांची आहे. माझ्या हातूनही एकदा काळ्या खणाला आतून निळ्या दोऱ्याची तुरपाई झाली होती. दिव्याखाली दिसलीच नाही, गिऱ्हाइकाने उन्हात धरली तेव्हा दिसली.

मी प्रोग्रेसिव्हच्या वाटेला गेले नाही. बायफोकल आहे, खाली आडव्या डीच्या आकाराची खिडकी असते तो. खिडकीतून सुई, वरून समोरचं गिऱ्हाईक. मशीनवर छान चालतो. पण कटिंगला उभी राहिले की कापड ना खिडकीत बसतं ना वर, मधल्यामध्ये राहतं. त्यामुळे तुमचा पडदा त्यात बसेल असं मला वाटत नाही. आणि जिना उतरताना खिडकीतून पायरी उचलल्यासारखी दिसते. मी उतरताना हनुवटी छातीला लावते आणि वरच्या काचेतूनच बघते. तुम्हीही तोपर्यंत तसंच करा, पुलावर तर नक्कीच.

एक सांगते. गेल्या वेळी नंबर काढायला जाताना मी पर्समध्ये काळ्या कापडाचा तुकडा, काळा दोरा आणि सुई घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने हातात तक्ता दिला, तो वाचून दाखवला. मग म्हटलं, आता याच काचा डोळ्यावर राहू देत, मला दोन टाके घालू देत. घातल्यावर कळलं की माझा हात तक्त्यापेक्षा बराच जवळ असतो. त्याने पाव नंबर वाढवून दिला. तेव्हापासून संध्याकाळी डोकं दुखलं नाही. तुम्ही तुमचं प्रूफ घेऊन जा.

काचकाम_३१वर्षं
१३ जुलै, दुपारी ३.४०

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ३१ वर्षं दादर आणि परळ भागात दुकानांमध्ये तपासणी केली, आता अर्धवेळ करतो. लालबागच्या ताईंनी खरी गोष्ट सांगून टाकली आहे. मी तिच्यामागचं गणित देतो, म्हणजे दुकानात तुम्हाला ठामपणे बोलता येईल.

आधी आईंच्या म्हणण्याबद्दल. चष्म्याने नंबर वाढत नाही. डोळ्यातलं भिंग तरुणपणी मऊ असतं, जवळचं बघताना ते फुगतं. वयाबरोबर ते कडक होत जातं, मग चष्मा लावा किंवा लावू नका. म्हणूनच साधारण ४० ते ४५ च्या दरम्यान सगळ्यांनाच हे जाणवतं, आणि आपल्या भाषेत तर त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. साठीच्या आसपास भिंग जवळजवळ फुगेनासं होतं, त्यानंतर वाचनाचा नंबर फारसा वाढत नाही. लांबवून फायदा काहीच होत नाही, मधली कामाची वर्षं मात्र त्रासात जातात. आसामच्या चहामळ्यांत केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० वर्षांवरच्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचं दिसण्याचा साधा चष्मा दिला. ज्यांना तो मिळाला त्यांची पानं खुडण्याची गती न मिळालेल्यांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढली. तिथे तर नुसती पानं वेचायची होती. तुम्हाला शिरोरेघ बघायची आहे.

आता अंतर. १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा, म्हणजे तिथे स्पष्ट दिसायला डोळ्याला किती ताकद लागते ते मिळतं. ४० सेंटिमीटरला अडीच. ३३ ला तीन. ६६ ला दीड. यातली काही ताकद डोळा स्वतः लावतो, बाकीची चष्मा देतो. डोळ्याला जेवढं जमतं त्यातलं निम्मंच दिवसभर वापरावं, निम्मं शिल्लक ठेवावं, असा आमचा ढोबळ हिशेब असतो. तपासणीत जवळचा नंबर बहुतेक वेळा ४० सेंटिमीटर धरून काढतात. तुम्ही कागद त्याहून जवळ धरत असाल तर पावणेदोन कमी पडेल. उलट, दोन नंबरच्या चष्म्यातून ५० सेंटिमीटरच्या पलीकडचं काहीही लख्ख दिसणार नाही, कारण १०० भागिले २ म्हणजे ५०. म्हणजे कागदाला नेमका बसणारा नंबर पडद्याला जमणारच नाही. यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही.

स्टेशनवरच्या चष्म्याने कपाळ का जड व्हायचं, तर डाव्या डोळ्याचा पाऊण सिलिंडर त्यात नव्हता. तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्याच असतात. अक्षराला पडणारी सावली ती त्याची. शिवाय दीड नंबर तुमच्या कागदाला अपुरा होता, उरलेलं डोळे ओढून भरत होते. सकाळी ते निभायचं, संध्याकाळी थकायचं. भाजीवाल्याचे पैसे मोजायला किंवा औषधाची पट्टी वाचायला असा चष्मा चालतो, त्याला मी नावं ठेवत नाही. आठ तासांच्या प्रुफाला चालत नाही.

प्रोग्रेसिव्ह काच १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार मेत्नाझ यांनी आणली, ती बायफोकलमधली उडी (खिडकीतून वस्तू एकदम उचलल्यासारखी दिसते ती) घालवण्यासाठी. वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये नंबर हळूहळू चढत जातो. ही चढण एका अरुंद पट्ट्यात असते. तिच्या दोन्ही बाजूंना काच वेडीवाकडी दाखवणारच, कितीही महाग घ्या. महागात पट्टा थोडा रुंद होतो, इतकंच. ओळीची टोकं वितळतात ती याच्यामुळे. आणि उंचीला कमी फ्रेम घेतली की खालचा जवळचा भाग कापला जातो. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला तीच शंका आहे. शोभेचा विचार करावा, पण प्रोग्रेसिव्हमध्ये बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिलिमीटर तरी जागा मिळते का ते आधी बघावं.

आता घरीच एक करून बघा. काच दिव्यासमोर धरा आणि तोंडाची वाफ द्या. प्रत्येक काचेवर दोन्ही बाजूंना अगदी बारीक कोरलेली चिन्हं दिसतील, बहुतेक गोल, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या चिन्हाखाली ॲडचा आकडा कोरलेला असतो. दोन्ही चिन्हांवर स्केचपेनाने ठिपके द्या, चष्मा घाला आणि नवऱ्याला किंवा मुलीला समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन बघायला सांगा. दोन ठिपक्यांच्या मधोमध, त्या रेषेच्या किंचित वर, बाहुली यायला हवी. दोन्ही डोळ्यांत सारखीच. नसेल तर चष्मा चुकीचा बसवलाय आणि सवय कधीच होणार नाही. दुकानाने तो बदलून द्यायला हवा. त्यांना बाहुल्यांमधलं अंतर आणि उंची प्रत्येक डोळ्याची वेगळी मोजायला सांगा.

कामासाठी माझं मत दोन साध्या चष्म्यांचं. एक कागदाचा, एक पडद्याचा. संपूर्ण काचेत एकच नंबर, ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. ऑफिस लेन्स नावाची काचही मिळते, हातापासून टेबलापलीकडपर्यंतचं दाखवते, बाजूंचा त्रास कमी. पण ९ पॉइंटच्या तळटिपा असतील तर साधीच बरी. प्रोग्रेसिव्ह बाहेर फिरायला ठेवा.

निळ्या कोटिंगबद्दल: २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. पडद्यासमोर बसणाऱ्यांचा डोळ्यांचा ताण त्याने, निदान थोड्या काळात, कमी होतो असं दिसलं नाही. पुढच्या वेळी ते पैसे प्रतिबिंब न पडणाऱ्या कोटिंगवर आणि टेबलावरच्या चांगल्या दिव्यावर घाला. उजेड वाढला की बाहुली लहान होते आणि त्याने अक्षर खरोखरच ठळक होतं.

पार्लेकर_७९
१३ जुलै, रात्री ९.१५

मला स्वतःला आत्ताच एक नंबर लागलाय. थेंब टाकून चष्मा घालवता येतो असं मध्यंतरी वाचलं होतं. कुणी वापरलेत का?

काचकाम_३१वर्षं
१३ जुलै, रात्री १०.३०

दादा, ते पिलोकार्पिनचे थेंब. अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. बाहुली बारीक होते, म्हणून जवळचं काही तास बरं दिसतं. भिंग मऊ होत नाही, त्यामुळे चाळिशी जात नाही. अंधारात कमी दिसतं, काहींचं कपाळ दुखतं, आणि डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) आधीच नाजूक असेल तर तो फाटण्याचा धोका सांगितलेला आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये अशा एका औषधाचा बराच गाजावाजा झाला आणि सप्टेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी दाव्यांवरून परवानगी स्थगित केली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतून डोळा बघितल्याशिवाय हा विचारही करू नका.

मुलुंड_पूर्व
१४ जुलै, सकाळी ८.५०

लालपेनताई, तुमच्या प्रश्नापेक्षा तुमच्या आईंचं एक वाक्य माझ्या मनात राहिलं, म्हणून लिहितो. ‘चष्मा सुटला, पोथी बिनचष्म्याने वाचते.’

माझ्या वडिलांचं अगदी असंच झालं होतं. ७४ व्या वर्षी पेपर बिनचष्म्याने वाचायला लागले. आम्ही घरात कौतुक करायचो, पाहुण्यांना सांगायचो. ते स्वतः म्हणायचे, रोज सकाळी हिरवळीवर चालतो त्याचं फळ. सहा महिन्यांनी रस्ता ओलांडताना त्यांना बसचा नंबर दिसेना. रात्री समोरून गाडी आली की नुसता प्रकाशाचा गोळा. तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी समजावलं की मोतीबिंदू मधोमध पिकायला लागला की भिंग दाट होतं आणि डोळा जवळचा होतो. म्हणजे जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं आणि लांबचं जायला लागतं. हे सुधारणं नसतं. पुढे ते जवळचंही धूसर होतं.

आईंना लांबचं कसं दिसतं ते विचारा. समोरच्या गॅलरीतली माणसं ओळखू येतात का, देवळात मूर्तीचा चेहरा दिसतो का. मोतीबिंदूचं ऑपरेशन जेजे, केईएमसारख्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतही होतं, पैशासाठी अडून राहू नका. वडिलांचं दोन्ही डोळ्यांचं झालं, आता लांबचं स्वच्छ दिसतं.

आणि तुमच्यासाठी एक: साखर तपासली आहे का? माझी साखर वाढलेली असताना मी चष्मा केला होता. औषधं सुरू झाली, साखर उतरली, आणि तीन आठवड्यांत तो चष्मा चालेना. साखर वरखाली असेल तर नंबरही हलतो, ती स्थिर झाल्यावरच काच करायची, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. चाळिशीनंतर डोळ्याचा दाबही बघून घ्या. काचबिंदू दुखत नाही, आणि वाचताना कळतही नाही, कारण आधी बाजूची नजर जाते. दुकानातल्या तपासणीत नंबर निघतो, डोळा आतून बघितला जात नाही.

लालपेन_गिरगाव
२४ ऑगस्ट, दुपारी २.१०

उशिरा लिहितेय, राग मानू नका. दोन अंकांची प्रुफं एकदम आली होती. पण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की काय झालं ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी टेप. मी नेहमीसारखी कामाला बसले आणि नवऱ्याने मला न सांगता मधूनच येऊन टेप लावला, कारण मोजायचं म्हटलं की आपण ताठ बसतो. कागद डोळ्यांपासून ३६ सेंटिमीटर. पडदा ६८. काचकामदादा, तुमच्या भागाकाराने एकाला पावणेतीनच्या थोडं वर, दुसऱ्याला जेमतेम दीड. २२ वर्षं मी ही दोन कामं एकाच खुर्चीत बसून करत आले आणि ती डोळ्यांच्या दृष्टीने इतकी वेगळी आहेत हे त्या दिवशी कळलं.

मग वाफ दिली. दुपारची वेळ, पावसाने घरात अंधार, ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरली, आणि खरंच, मोहरीच्या दाण्याहून बारीक दोन गोल उमटले आणि वाफेबरोबर गेले. परत वाफ दिली. कानाकडच्या गोलाखाली १.७५ कोरलेलं. माझ्या डोळ्यांवर दोन महिने ते होतं आणि मला ठाऊक नव्हतं! मुलीने ठिपके दिले आणि समोर बसून फोटो काढला. उजवी बाहुली जागेवर. डाव्या काचेत ठिपके जवळजवळ तीन मिलिमीटर खाली. आणि फ्रेमची खालची कड बाहुलीपासून १४ मिलिमीटरवर. मुलीचा चेहरा उतरला, फ्रेम तिने निवडली होती ना. तिला म्हटलं, मोजायचं काम दुकानाचं होतं.

फोटो घेऊन दुकानात गेले. या वेळी ‘सवय’ हा शब्द निघाला नाही. त्यांच्या वरिष्ठ बाईंनी पुन्हा मोजलं, चूक मान्य केली आणि उंच फ्रेममध्ये काचा नव्याने करून दिल्या. फ्रेमच्या फरकाचे तेवढे पैसे घेतले. आता तो चष्मा बाहेर जाताना लावते. स्टेशनवरचा इंडिकेटर आणि हातातलं तिकीट दोन्ही दिसतं. पुलावर हनुवटी खाली करून उतरते, लालबागच्या ताईंनी सांगितलं तसं.

कामाचे दोन चष्मे घराजवळच्या एका लहान दुकानात केले. सोबत प्रूफ नेलं, तळटिपांचं पान. आणि एका कोऱ्या कागदावर घ ध, म भ, य थ या जोड्या ९ पॉइंटात छापून नेल्या. तपासणाऱ्या मुलाने ती गोल जड फ्रेम डोळ्यावर चढवली, आधी पावणेदोन घातलं. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ मी घडाघडा वाचली. तो म्हणाला, झालं. मी म्हटलं, थांब. माझा कागद माझ्या अंतरावर धरला. ‘थ’ची गाठ दिसत होती, पण बघावी लागत होती. पाव वाढवून दोन केलं आणि गाठ आपोआप दिसली. बघावी लागणं आणि दिसणं यातला फरक मला त्या खुर्चीत कळला. प्रूफ वाचताना आपण अक्षर शोधत नाही, चुकलेलं अक्षर आपल्याला टोचायला हवं. पडद्यासाठी त्याने पाऊणपासून सुरुवात केली. मी ६८ सेंटिमीटरवर मोबाइल धरून बसले, मापाची दोरी घेऊन गेले होते. एक घालून बघितलं तर चांगलं दिसलं, पण बरंच मागे रेललं की जायचं. पाऊणच ठेवला. दोन्हीत डाव्या डोळ्याचा सिलिंडर आहे. दोन्ही मिळून २,३०० रुपये झाले.

कागदाच्या चष्म्याची फ्रेम लाल घेतली, पडद्याची काळी. लाल पेन उचललं की हात लाल फ्रेमकडेच जातो. पहिले चार दिवस लाल चष्मा घालूनच दार उघडायला उठायचे आणि खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. आता टेबलाच्या कडेला दोघांची जागा ठरली आहे, उठताना काढून ठेवते. दिवा डाव्या खांद्यामागून येईल असा लावला आहे. संध्याकाळी सात वाजले तरी कपाळ मोकळं असतं.

साखर बघितली, ठीक आहे. डोळ्याचा दाब १६, आतला पडदाही ठीक. डॉक्टर म्हणाले दरवर्षी दाखवा.

आणि आई. मुलुंडचे दादा, तुमचे उपकार कसे मानू. मी तिला गॅलरीत उभी केली आणि समोरच्या चाळीत कोण उभं आहे विचारलं. ती म्हणाली, कुणी नाही. समोर तिची ३० वर्षांपासूनची मैत्रीण हात हलवत होती. मला बोलवेना. नंतर आईच म्हणाली, हल्ली ती बघतच नाही माझ्याकडे, म्हणून मीही बोलवायचं सोडलं. दोघींचा वर्षभर अबोला होता तो यामुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्याचं ऑपरेशन गणपतीनंतर ठरलं आहे. मैत्रिणीला सगळं सांगितल्यापासून ती रोज संध्याकाळी येऊन बसते आणि पोथी आता ती वाचते, आई ऐकते.

पार्लेकर, तुम्ही एकचा तयार चष्मा घेणार असाल तर आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून वाचून बघा. दोन्हींनी सारखं दिसलं नाही तर तो घेऊ नका. माझी दोन वर्षं तिथेच गेली.

आजोबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, २०० प्रती. त्यांनी प्रूफ माझ्याकडेच पाठवलं. काल रात्री लाल चष्म्याने पान ३७ वाचलं. ‘भ’ची गाठ आहे. त्याच पानावर खाली ‘धान्या’चा ‘घान्या’ झालेला सापडला, पहिल्या आवृत्तीतही तो होता आणि कुणाच्याच लक्षात आला नव्हता. आजोबांना सकाळी फोन करून सांगितलं. अजून ११० पानं उरली आहेत, बसते.